दोन जागची शाळा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे. आपल्या पहिली ते आठवीच्या शाळेत खोल्या अपुऱ्या पडतात, म्हणून सहावी येथेच ठेवून सातवी-आठवी ओढ्यापलीकडच्या इमारतीत न्यावी, असे घाटत आहे. त्याविषयी बोलल्यावाचून राहवत नाही.

अडचण खरी आहे. मुले व्हरांड्यात बसतात, पावसाळ्यात वह्या भिजतात. नवी जागा मिळते आहे तर घ्यावीच. प्रश्न एवढाच, की शाळा तोडायची कोठे?

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली लागू झाला. त्यात सहावी ते आठवी हा एक टप्पा धरला आहे. तेथे दर वर्गामागे निदान एक शिक्षक हवा. त्यांत विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषांना एक तरी असावा, असे म्हटले आहे. आपल्याकडे तेवढेच तिघे आहेत. हे वर्ग दोन जागी गेले, तर गणिताचे गुरुजी निम्मा वेळ वाटेवरच! ओढ्याला पाणी आले, की एका बाजूचे गणित बुडालेच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट मुलींची. मी सातवी पास झाले, तेव्हा आठवीचा वर्ग दुसऱ्या गावी होता. वडील म्हणाले, "एकटी कशी जाणार?" माझी शाळा तेथेच संपली. वडिलांना मी दोष देत नाही. सोबत असती तर त्यांनी पाठविले असते.

म्हणून माझे मागणे असे: वाटणी करायचीच तर पाचवीनंतर करावी. सहावी, सातवी, आठवी एकत्र जावीत. पलीकडे तीन खोल्या आहेत. मी जाऊन पाहून आले. मुली घोळक्याने जातील, गुरुजी एका जागी राहतील. मात्र त्याआधी तेथे पिण्याचे पाणी, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि ओढ्यावर साकव झाला पाहिजे.

हे करायचे कोणी? शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे तोच कायदा सांगतो. ज्यांची नावे समितीत आहेत, त्यांनी नुसत्या सहीपुरते जाऊ नये. बाकीच्यांनी हळदीकुंकवाला जमतो तसे त्यांच्या पाठीशी जमावे.