उकिरड्याची दैना फिटावी, पण पारखून

(रायगड जिल्ह्यातील कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे आपले पूर्वज म्हणत. शेण, पालापाचोळा, चुलीतील राख परसातल्या खड्ड्यात कुजे आणि पावसाळ्यापूर्वी खत होऊन भातखाचरात जाई. भूमीकडून घेतलेले भूमीला परत करणे, हा त्यामागील धर्म होता. पेण, रोह्यासारख्या गावांची शहरे झाली आणि परसातला उकिरडा गावाबाहेर गेला. त्यात प्लास्टिक, काच, बॅटरीचे सेल मिसळले आणि मातीची परतीची वाट बंद झाली.

ती पुन्हा उघडता येते. १९५३ साली इस्रायलमधील तेल अवीव येथे जुना कचरा उकरून, चाळून, त्यातील माती फळबागांसाठी काढण्यात आली. आपल्याकडे या प्रक्रियेला जैवखनन म्हणतात. ढीग थराथराने फोडायचा, जिवाणूंचे विरजण शिंपडून काही आठवडे उलथापालथ करायची आणि वाळलेला माल फिरत्या दंडगोल चाळण्यांतून काढायचा. दगड-विटा भरावाला जातात, प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीला. उरते ती काळसर, भुसभुशीत माती. मुंबईत मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली आणि तेथील सुमारे ७० लाख टन कचऱ्यासाठी हेच काम हाती घेण्यात आले.

ही माती पाहून मोह होतो, की गोणीत भरावी आणि शेतकऱ्याला खत म्हणून द्यावी. नेमके येथेच थांबले पाहिजे. आयआयटी दिल्लीच्या संशोधकांना दिल्ली, हैदराबाद व कडप्पा येथील कचराभूमींतल्या अशा मातीत स्थानिक मातीपेक्षा क्षार आणि जड धातू अधिक आढळले. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टात किलोमागे शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. हे विष दिसत नाही, त्याला वासही नाही. पण पालेभाजीवाटे ते मुलांच्या ताटात येऊ शकते. क्षार काय करतात, हे पेणच्या खारभूमीतील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रोह्याशेजारी धाटावची रासायनिक वसाहत आहे. अशा परिसरात तर तपासणी अधिकच काटेकोर हवी.

मग या मातीचे करावे काय? पहिला अधिकार त्याच जागेचा. मोकळ्या झालेल्या भूमीवर वृक्षराजी उभी राहावी. नंतर रस्त्याकडेची झाडे आणि शोभेची रोपे, तीही चांगली माती व शेणखत मिसळून. आधी एका कुंडीत मटकी पेरून पाहावी. उगवण खुंटली, तर क्षार अधिक आहेत किंवा माल अजून कच्चा आहे असे समजावे. मात्र मटकी तरारली म्हणून धातू नाहीत असे ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. त्या अहवालावाचून अन्नपिकाला, शाळेच्या परसबागेला ही माती देऊ नये.

पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेले विनोबा पवनारजवळच्या सुरगावात नित्य सफाईला जात. भूदानाचा उद्गाता आधी सफाईकामात रमला, यात आपल्यासाठी बोध आहे. जुने ढीग यंत्रे उपसतील. नवा ढीग रोखणे मात्र आपल्या स्वयंपाकघरातच शक्य आहे. ओला कचरा वेगळा ठेवला, तर चाळणीही नको आणि शंकाही नको. भूमीला आपण माता म्हणतो. तिच्या ओटीत काय घालतो, याचा विचार प्रत्येक घराने आजच करावा.