सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही

पापड, मसाले, भाजी, दूध घेऊन बाजाराला जाणारे आपल्यातले कितीतरी गट आता स्वतःची नाहीतर भाड्याची चारचाकी वापरतात. बाजाराच्या दिवशी पहाटे माल भरून होतो आणि नेमकी तेव्हाच गाडी रुसते. चावी फिरवली की आवाज येतो, पण इंजिन काही चालू होत नाही. मग जो येईल तो सल्ला देतो आणि आपण बाजूला उभ्या राहून ऐकतो. आज याच बिघाडाबद्दल बोलू. गाडी आपल्याला दुरुस्त करता आली नाही तरी चालेल. पण बिघाड कुठे असेल आणि कुठे नसेल, एवढं ओळखता आलं तरी पैसा वाचतो.

आधी आवाज ऐका. चावी फिरवल्यावर इंजिनाला फिरवणारी जी मोटर असते, तिला आपल्याकडे सेल्फ म्हणतात. सेल्फ बॅटरीवर चालतो. नुसतं ‘टक’ वाजलं किंवा सेल्फ दमल्यासारखा रेंगाळला, तर बहुतेक बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर पांढरं-हिरवं साचलेलं असतं. पण सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. अशा वेळी गाडीला धक्का मारूनही फायदा नाही. धक्क्याने इंजिन फिरतं, आणि ते तर सेल्फ फिरवतोच आहे.

मग अडतं कुठे? आपली चूल आठवा. तिला लाकूड, हवा आणि काडी लागते. पेट्रोलच्या इंजिनालाही तसंच पेट्रोल, हवा आणि प्लगची ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा जोरात दाबली जाऊन तापते आणि त्यात डिझेल पेटतं. म्हणजे शोध याच दोन-तीन गोष्टींचा घ्यायचा.

पहिली तपासणी इंधनाची. काटा पाहा, पण नुसत्या काट्यावर विसंबू नका, शेवटचं इंधन कधी भरलं ते वहीत पाहा. सीएनजीच्या बऱ्याच गाड्या चालू होतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. गॅसची टाकी भरलेली आणि पेट्रोल संपलेलं, असं असेल तर गाडी जागची हलत नाही. पेट्रोलच्या नव्या गाडीत चावी एक टप्पा अलीकडे ठेवली की मागून दोन-तीन सेकंद बारीक ‘घूं’ आवाज येतो. तो पेट्रोलच्या पंपाचा. नेहमी येणारा हा आवाज आज आला नाही, तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज गेलेला असू शकतो.

फ्यूजचा डबा कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात असतं. फ्यूजच्या आतली तार तुटलेली दिसली, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. लाल १०चा, निळा १५चा, पिवळा २०चा. फ्यूजच्या जागी साधी तार कधीही अडकवू नका, वायर तापून आग लागते.

काचेखालच्या दिव्यांत चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत राहिलं, तर गाडीने चावी ओळखलेली नसते. दुसरी चावी लावून पाहा. खूप वेळा सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला, तर दहा मिनिटं थांबा. आसपास विडी-काडी नको.

डिझेलच्या गाडीत टाकी पार कोरडी झाली की पाइपात हवा शिरते. मग डिझेल भरलं तरी गाडी चालू होत नाही. फिल्टरजवळ हातपंप असेल, तर तो घट्ट लागेपर्यंत दाबायचा, नाहीतर मेकॅनिककडून एअर काढून घ्यायची. थंडीत पिवळ्या वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा.

आता उंदीर. धान्याच्या कोठाराशेजारी उभ्या गाडीची वायर तो हमखास कुरतडतो. आमच्या गटाची गाडी अशीच अडली, तेव्हा एका गॅरेजवाल्याने बघताक्षणी नवी बॅटरी घाला म्हणून सांगितलं. आमच्या खजिनदार ताईंनी शांतपणे विचारलं, “भाऊ, सेल्फ जोरात फिरतोय, दिवे लख्ख लागतायत, मग बॅटरी गेली कशी?” त्याने बॉनेट उघडून नीट पाहिलं तेव्हा पंपाकडे जाणारी वायर कुरतडलेली निघाली. एका प्रश्नाने बॅटरीचा खर्च टळला. त्या पैशात गटाचा कितीतरी कच्चा माल येतो.

काही गोष्टी मात्र करूच नका. सलग दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर धडधाकट बॅटरीही उतरते आणि सेल्फ जळतो. इंजिन एकदम हलकं, भुर्र फिरायला लागलं, तर टायमिंगचा पट्टा तुटला असेल, पुन्हा चावी फिरवू नका, टोचन लावूनच न्या. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल, तर सेल्फला हातही लावू नका. पाणी आत गेलेलं इंजिन फिरवलं तर मोडतं.

मेकॅनिकला फोन करताना ‘गाडी बंद पडली’ एवढंच सांगू नका. सेल्फ कसा फिरतो, पंपाचा आवाज येतो का, कोणता दिवा लागलेला राहतो, इंधन कधी भरलं, आदल्या दिवशी पाऊस किंवा धुणं झालं होतं का, हे सांगा. म्हणजे तो योग्य सामान घेऊन येतो. बदललेला जुना भाग परत मागा आणि पावती घ्या. पैसा गटाचा आहे, हिशेब सगळ्यांना द्यायचा आहे.

आणि एक. घरात कुणी अत्यवस्थ असेल, बाळंतीण अडली असेल, तर गाडीशी झटत बसू नका. लगेच १०८ला फोन लावा.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गाडी अंगणात उभी करून ड्रायव्हरदादांना बॉनेट उघडायला सांगा. बॅटरी, फ्यूजचा डबा आणि फिल्टर प्रत्येकीने पाहा. गाडी चांगली असतानाचा सेल्फचा आणि पंपाचा आवाज प्रत्येकीने ऐका. चांगला आवाज कानात बसला, की बिघडलेला आपोआप कळतो.