बकेटला हुक जोडताना
(रेडिओवरील भाषण)



लखनऊजवळचा मलिहाबाद आणि काकोरीचा भाग दशहरी आंब्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. काकोरीजवळच रहमानखेडा इथं केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे. जुनी, दाटलेली, फळाला कमी झालेली आंब्याची झाडं वरून छाटून पुन्हा फळाला आणायची पद्धत या संस्थेनं बागायतदारांपर्यंत पोचवली. छाटणी साधारण डिसेंबरात होते. नवी फूट यायची ती पुढं येते, पण त्याआधी बागेत ओंडके पडतात. दोन मीटर लांब आणि साठ सेंटीमीटर जाड असा आंब्याचा ओला ओंडका पाच क्विंटलच्या आसपास भरतो. चार माणसांनी पहारी लावल्या तर तो गडगडेल, पण ट्रॉलीत चढणार नाही.

मग ट्रॅक्टरचा लोडर येतो. ओंडका बकेटमध्ये नीट मावत नाही, म्हणून बकेटच्या दातालाच साखळी गुंडाळायची सवय आपल्याकडे गावोगाव आहे. पण दात माती उकरायला असतात, साखळी धरायला नसतात. वजन वर गेलं आणि बकेट जरा पालथी झाली, की साखळी दातावरून सटकते. त्यापेक्षा बकेटला कायमचे हुक जोडून घ्यावेत हा विचार चांगलाच आहे. ते कसे जोडायचे, तेवढंच आज सांगतो.

दुकानात गेलं की माणूस हुक किती जाड आहे ते विचारतो. त्याआधी विचारायला हवं, की या हुकावरचं वजन पुढं कुठं जाणार? ते हुकातून पट्टीत उतरतं, पट्टीतून बकेटच्या पत्र्यात, पत्र्यातून मागच्या कानांत, मग पिनांत आणि लोडरच्या दोन आर्मांत. या वाटेवर जे सगळ्यात कच्चं असेल, तेवढीच तुमच्या हुकाची ताकद.

म्हणून जागा आधी ठरवा. हुक बकेटच्या वरच्या काठावर घ्या, आर्मांच्या सरळ रेषेत, एक डावीकडं आणि एक उजवीकडं. मधोमध एकच हुक लावला तर काठ हळूहळू वाकतो. मध्ये हुक हवाच असेल, तर काठाला आधी आडवी जाड पट्टी द्या, म्हणजे वजन दोन्हीकडं वाटलं जाईल. खालच्या धारेला मात्र हुक लावू नका. ती धार बहुधा कडक पोलादाची असते. साध्या पद्धतीनं वेल्डिंग केलं की जोडालगतचं पोलाद ठिसूळ होतं आणि तडा तिथूनच सुरू होतो.

हुकाचं तोंड कुठं असावं? बकेट उचलण्याच्या स्थितीत धरा आणि साखळीला हातानं ताण देऊन बघा. ओढ हुकाच्या पोटात बसली पाहिजे, टोकावर नाही. मग बकेट पुढं-मागं कलवून पुन्हा बघा. साखळी बाहेर यायला बघत असेल तर तोंड फिरवा, आणि हुक घेताना खटक्याचाच घ्या. हुक घडीव हवा आणि वेल्डिंगसाठीच बनवलेला हवा. साखळीचा पाणी दिलेला हुक आणून चिकटवला, तर वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याचं पाणी उतरतं.

आता रॉड. फॅब्रिकेशनच्या दुकानात ६०१३ चा रॉड सर्रास असतो. तो खिडकी-दरवाजाला ठीक आहे, उचलायच्या हुकाला ७०१८ मागा. पहिले दोन आकडे जोडाची ताकद सांगतात. पण या रॉडचा खरा गुण म्हणजे त्यातून जोडात हायड्रोजन कमी जातो. हायड्रोजन येतो रॉडच्या लेपातल्या ओलीतून, आणि त्यानं पडणारा तडा वेल्डिंगनंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा उघडतो. त्यामुळं पुडा फोडून पावसाळाभर कोपऱ्यात पडलेला ७०१८ काही कामाचा नाही. तो भट्टीत वाळवून गरम असतानाच वापरायचा असतो. याच लखनऊमध्ये मानकनगरला रेल्वेची आरडीएसओ ही संस्था १९५७ पासून आहे. रेल्वेच्या कामाला कुठला वेल्डिंग रॉड चालेल, याची मान्यता तिथून मिळते. डबा असो की पूल, रेल्वे रॉड पारखून घेते. आपण निदान कोरडा तरी घ्यावा.

वेल्डिंगआधी रंग आणि गंज ग्राइंडरनं काढून लोखंड चकचकीत करा. बॅटरी सोडा. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. वेल्डिंगचा करंट तिथं शिरला तर खर्च हुकापेक्षा कितीतरी मोठा. अर्थिंगचा चिमटा बकेटलाच, कामाच्या अगदी जवळ लावा. तो ट्रॅक्टरच्या सांगाड्याला लावला तर करंट पिना, बुश आणि हायड्रोलिकच्या दांड्यांतून जातो आणि त्यांना खड्डे पाडतो.

जोड थंड झाला की लगेच वजन लावू नका. एक दिवस जाऊ द्या. मग जोडावर घासलेट किंवा पातळ तेल फिरवा, थोडं थांबून कोरड्या फडक्यानं पुसा आणि वरून खडूची भुकटी पसरा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत आस तपासायला ही युक्ती पूर्वी वापरत. दर हंगामाला पाच मिनिटं काढून तुम्हीही करा.

साखळीचंही बघा. आठ मिलिमीटरची ८० ग्रेडची साखळी दोन टन पेलते आणि कड्यांवर तिच्या ग्रेडची खूण असते. बिनखुणेची साखळी गाय बांधायला ठेवा. दोन हुकांना दोन साखळ्या लावून ओंडका उचलताना त्या जितक्या फाकतील, तितका ताण वाढतो. दोन्हींमधला कोन १२० अंश झाला, तर एकेका साखळीवर पूर्ण वजनाइतका ताण येतो. साठ अंशाच्या आत ठेवा.

आणि साखळी दोन टन पेलते म्हणून ट्रॅक्टर पेलेल असं नाही. लोडरची क्षमता बहुधा पिनेपाशी मोजलेली असते. वजन पिनेपासून जितकं पुढं लटकेल, तितकी ती घटते. बैलगाडी मागं जड झाली की उलाळ होते, इथं त्याच्या उलट होतं. पुढं वजन आलं की मागची चाकं हलकी होतात, ब्रेकचा भरवसा जातो. म्हणून मागं लिंकेजला काँक्रीटचा ठोकळा किंवा वजनी अवजार हवंच. शिवाय ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्ये एकाच पिनेवर डुलतो. त्यामुळं बाजूला कलंडण्यापासून ट्रॅक्टरला मुख्यतः मागची दोन चाकंच सावरतात. लटकतं वजन गुडघ्याइतकं खाली ठेवून सावकाश न्या, उतारावर वळू नका. वजन टांगलेलं असताना सीट सोडायची नाही आणि खाली कुणाला येऊ द्यायचं नाही.

सगळं झाल्यावर सिमेंटची दहा पोती ठेवलेला पाट टांगून जमिनीपासून वीतभर उचलून बघा. दहा पोती म्हणजे पाच क्विंटल. मात्र लोडरच्या पुस्तकातला आकडा त्याहून कमी असेल, तर पोतीही कमी करा. किती वजनाला तुमचा ट्रॅक्टर मागून हलका वाटतो ते ध्यानात घ्या आणि त्याच्या बऱ्याच आतला आकडा पिवळ्या रंगानं बकेटवर लिहून टाका. आज स्टिअरिंगवर तुम्ही आहात. उद्या ट्रॅक्टर भाड्यानं जाईल, चालक दुसरा असेल, आणि हुक दिसला की त्याला काहीही अडकवायचा मोह होईल. त्याला तुमचा अंदाज ठाऊक नसतो, लिहिलेला आकडा मात्र वाचता येतो.