हरवलेला नुक्ता

मुखेडच्या आमच्या घरी अब्बांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात हैदराबादहून आलेली जुनी पाकिटं. मुखेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि या राज्याची स्वतःची टपाल तिकिटं १८६९ पासून निघत. १९३१च्या मालिकेतलं एक आण्याचं तिकीट चारमिनारचं.

मी बारा वर्षांचा असेन. अब्बा मला उर्दू शिकवीत. ‘खे’वरचा नुक्ता खाली उतरला की ‘जीम’ होतो, खुदाचा जुदा होतो, हे मनावर ठसलेलं. दोन पाकिटांवरच्या चारमिनारच्या तिकिटांत उर्दू मजकुरातला एक नुक्ता मला दिसला नाही. एका तिकिटावर मी शाईच्या पेनाने तो देऊन टाकला. चूक सुधारल्याचा कोण आनंद झाला!

पुढे बऱ्याच वर्षांनी नांदेडच्या एका जाणत्या संग्राहकांना ती पाकिटं दाखवली. त्यांनी भिंग लावलं आणि समजावून सांगितलं. कागद घासून नुक्ता गेला असेल तर तिथले तंतू उसवलेले दिसतात. टपालाच्या शिक्क्याची शाई छपाईच्या वर बसलेली असते. एखाद्याच तिकिटावर दोष असला तर तो कागदाच्या घडीचा, शाईचा अपघातही असू शकतो. १८५४ साली कलकत्त्यात छापलेल्या चार आण्यांच्या काही तिकिटांवर राणीचं डोकं उलटं आलं. तिकीट दोन रंगांत, दोनदा छापलं जाई. एका खेपेला कागद उलटा लागला. पण प्लेटमधलाच दोष असेल तर प्रत्येक शीटवर त्याच जागी तो पुन्हा पुन्हा उमटतो. म्हणून एका तिकिटावर भागत नाही. त्याच जागी तोच दोष असलेलं दुसरं तिकीट लागतं.

मग त्यांनी दुसरं पाकीट भिंगाखाली घेतलं. तंतूंत पसरलेली निळी शाई मलाही दिसली.

“हा नुक्ता कुणी दिला?”

“मीच. लहानपणी.”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “याच्याखाली काय होतं ते आता सांगता येणार नाही. साक्षीदार एकच उरला. दुसरा शोधा.”

अजून शोधतो आहे. जुनी पाकिटं कुठे दिसली की आधी चारमिनार पाहतो. स्वतःच्या कवितांची प्रुफं मी आजही लाल पेनाने तपासतो. जुना कागद हाती आला की मात्र पेन खिशातच ठेवतो.