नळाचं पाणी आणि विजेचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ साली आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते पंपांनी विंध्य चढवून सुमारे ७० किलोमीटर आणावं लागतं. म्हणजे आपल्या घरचा नळ विजेवर वाहतो. म्हणून वीज कुठून येते, हे आपण विचारायलाच हवं.

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली. पुढचे भारनियमनाचे दिवस आपण सर्वांनी काढले आहेत. २००३ ची निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यावर लढली गेली आणि सरकार बदललं.

ती तूट भरून काढण्यात निमाडचा वाटा मोठा. पुनासाचं इंदिरा सागर १००० मेगावॅटचं, ओंकारेश्वर ५२०, आणि खंडवा जिल्ह्यातलं सिंगाजी औष्णिक केंद्र २५२०. सरदार सरोवर गुजरातेत, पण त्याच्या १४५० मेगावॅटपैकी ५७ टक्के वीज मध्य प्रदेशाची, २७ टक्के महाराष्ट्राची आणि १६ टक्के गुजरातची. म्हणजे पुण्या-नाशकाचे आपले सोयरेही या हिशेबात आहेतच.

आता दुसरी बाजू. इंदिरा सागरसाठी २००४ मध्ये हरसूद हे भरलं गाव उठलं. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली. २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच काठोकाठ भरलं, तेव्हा निसरपूर पाण्याखाली गेलं. त्याच धरणाने नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या ३३ गावांना फटका दिला. संत सिंगाजींची समाधी आज पाण्याच्या वेढ्यात आहे आणि त्यांचंच नाव वीजकेंद्राला आहे.

अहिल्यादेवींच्या महेश्वरचं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं. तिथे ४०० मेगावॅटचा खासगी प्रकल्प उभा राहू लागला. भिंत झाली, पण विजेचा पत्ता नाही. शेवटी २०२० मध्ये राज्य सरकारने करार रद्द केला. गावांनी मात्र कित्येक वर्षं बुडण्याच्या धास्तीत काढली.

आम्ही विजेच्या विरोधात नाही. अंधारात बसलेली माणसं असं म्हणूच शकत नाहीत. आमचं म्हणणं एवढंच की, न्यायाधिकरणाने १९७९ मध्येच आधी पुनर्वसन, मग पाणी, असा क्रम घालून दिला होता. तो पाळला गेला नाही.

नवे मार्गही आहेत. पाणी चढवण्याचं वीजबिल कमी व्हावं म्हणून इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये रोखे काढून २४४ कोटी उभे केले, जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगते सौर पॅनल आले. यात नवं गाव बुडत नाही, ही मोठी गोष्ट. पण त्या पाण्यात मासेमारी करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न आधीच विचारला पाहिजे.

'आपण मूठभर, आपल्याला कोण विचारतं?' असं काही सभासद म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या इथलं अन्नपाणी घेतल्यावर हे म्हणणं शोभत नाही. म्हणून मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष कोणताही असो, आपण दोन प्रश्न विचारू या: विस्थापितांपैकी किती जणांचं देणं बाकी आहे? आणि ते कोणत्या तारखेपर्यंत चुकतं होईल?

उत्तर लेखी मागावं, असा ठराव आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत. आपण तो एकमताने मंजूर करावा, ही विनंती.