न्यूझीलंडमधील पहिले सहा दिवस

(आपल्या प्रार्थनामंदिराच्या सभागृहात रविवारी सायंकाळी झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)

 

पाठीवर एक पिशवी टाकून परदेशी हिंडणाऱ्या मुलाने प्रार्थनामंदिराच्या सभागृहात काय सांगावे, असा प्रश्न माझ्या आजीने घरातून निघताना केला. तो योग्यच होता. डोंगरदऱ्यांची छायाचित्रे तुम्ही सर्वांनी पाहिली आहेत. तेव्हा मी केवळ पहिल्या सहा दिवसांविषयी, बुधवारपासून सोमवारपर्यंत, बोलणार आहे. त्यात एक शब्बाथ आला आणि एक समुद्र आला.

ऑकलंडच्या विमानतळावर पारपत्रापेक्षा खाद्यपदार्थांची चौकशी अधिक कसून होते. हा देश बेटांचा आहे. बाहेरची कीड, बी, माती आत आली तर शेती आणि रान दोन्ही धोक्यात येतात, म्हणून बुटांच्या तळव्यांना लागलेला चिखलही तेथे तपासतात. बरोबर असलेला प्रत्येक खाद्यपदार्थ लेखी जाहीर करावा लागतो, आणि न जाहीर केल्यास जागेवरच चारशे डॉलरचा दंड होतो. आईने किद्दूशच्या शरबतासाठी मनुकांची सीलबंद पाकिटे दिली होती. मी ती जाहीर केली. अधिकारी बाईंनी विचारले, हे काय? माझ्या तोंडून घरातला शब्द निघाला : मनुका. त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. मानुका हे तेथील एका झुडपाचे माओरी नाव असून त्याच्या फुलांचा मध जगप्रसिद्ध आहे, आणि त्या देशात बाहेरून मध आणण्यास सक्त मनाई आहे. पाकीट उघडून सुकलेली द्राक्षे दाखवली तेव्हा त्या हसल्या. आपल्या पूर्वजांनी कोकणात द्राक्षारस दुर्मीळ म्हणून मनुकांच्या शरबतावर किद्दूश म्हणण्याची वहिवाट पाडली. ती वहिवाट त्या दिवशी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सरकारी शिक्क्यानिशी दाखल झाली.

जेवणाचे म्हणाल तर तरुणांनी आधी विचार करून जावे. पशुवधाचे नियम तेथे 2010 साली कडक झाले, कोंबडीपुरती तडजोड निघाली, आणि कोशेर गोमांस ऑस्ट्रेलियाहून येते. पाठपिशवीवाल्याच्या खिशाला ते परवडत नाही. मी अंडी, पाव, फळे आणि खवले-पंख असलेली मासळी यांवर राहिलो. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात बाकीचे सगळे हिरव्या कडेचे मोठे शिंपले उकडत बसलेले असत. मला दावीद राहाबींची परंपरागत कथा आठवे : त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे सरमिसळ मासळी ठेवली, आणि बायांनी खवले-पंख नसलेली तेवढी बाजूला काढली. तेवढ्यावरून ओळख पटली.

त्याच स्वयंपाकघरात एक इस्रायली मुलगी भेटली. सैन्यातील सेवा संपली की पुष्कळ इस्रायली तरुण काही महिने दूरदेशी भटकतात, आणि न्यूझीलंड हे त्यांचे आवडते ठिकाण आहे. मी शिंपले का नाकारले हे तिने विचारले. मी सांगितले. भारतातील यहुदी? तिच्या स्वरात कुतूहल होते, पण थोडी परीक्षाही होती. ती परीक्षा आपल्या वडीलधाऱ्यांनी 1962 ते 1964 या काळात इस्रायलमध्ये फार मोठ्या प्रमाणावर सोसली आहे. मी तिला शनिवार तेली हे दोन शब्द मराठीतच सांगितले आणि अर्थ समजावला : गावाने आमचे नावच असे ठेवले की ज्यांचा घाणा शनिवारी बंद, ते हे लोक. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, मी स्वतः शब्बाथ पाळत नाही, पण हे आजोबांना कळवते.

आता समुद्राकडे येतो. मी पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण मालवणजवळ तारकर्लीला घेतले. प्राथमिक प्रमाणपत्र अठरा मीटर खोलीपर्यंतचे असते. न्यूझीलंडच्या उत्तर भागात, तुतुकाका या लहानशा बंदरापासून सुमारे 23 किलोमीटर अंतरावर पुअर नाइट्स नावाची बेटे आहेत. तेथे जाण्यासाठी मी रविवारची जागा राखून ठेवली होती. गुरुवारी होडीवाल्यांचा दूरध्वनी आला. रविवारी वारा वाढणार, तुम्ही शनिवारी या, हवा उत्तम आहे, पुढचे नक्की सांगता येत नाही.

मंगळवारी सायंकाळी माझे दक्षिण बेटाचे विमान होते. पाण्याखालून आल्यावर किमान अठरा तास विमानात बसू नये असा नियम आहे, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. म्हणजे सोमवार हुकला तर सगळेच हुकले. ज्यासाठी दोन वर्षे पैसे साठवले ते एका होकारावर होते. तेथे मला ओळखणारे कोणी नव्हते, आणि विचारणारेही. मी शनिवारला नकार दिला. तेली मंडळींची गोष्ट कालच सांगून झाली होती, हेही एक कारण असेल.

शुक्रवारी दुपारी प्रिन्सेस स्ट्रीटवरील जुने सिनेगॉग बाहेरून पाहिले. 1885 साली उघडलेली ही देखणी वास्तू पुढे विद्यापीठाच्या वापरात गेली. मंडळी केव्हाच अन्यत्र गेली. हा समाज लहान आहे, पण त्यातील ज्युलियस व्होगेल 1873 साली त्या देशाचे पंतप्रधान झाले होते. सध्याच्या प्रार्थनामंदिरात येण्याआधी पत्र लिहून ओळख पटवावी लागते. जाणाऱ्यांनी हे काम इथूनच करावे, दारावर उभे राहून नव्हे.

जानेवारीत तेथे भर उन्हाळा. दिवे लावण्याची वेळ रात्री आठ वाजून वीस मिनिटे! त्या क्षणी ठाण्यात दुपारचे एक वाजायला दहा मिनिटे होती. माझा शब्बाथ सुरू झाला तेव्हा आई अजून बाजारातून परतली नसेल. शनिवारी सकाळी मला सेफेर तोरापुढे बोलावले आणि समुद्र ओलांडून आलेला म्हणून मी बिरकत हागोमेल म्हटली. चाली निराळ्या होत्या, शब्द तेच.

नंतर एका वृद्ध गृहस्थांनी मला शेजारी बसवले. मी रविवारच्या हुकलेल्या सहलीचे सांगताच ते म्हणाले, बरे झाले, तुमचा संशय तरी फिटला. त्यांचे म्हणणे असे. वार कोठे बदलतो ही रेषा माणसांनी पॅसिफिक महासागरात आखली आहे. धर्मशास्त्राने ती कोठे मानावी? बनेई ब्राकचे हझोन ईश यांच्या मते ती येरुशलेमच्या पूर्वेस 90 अंशांवर आहे. तसे धरले तर न्यूझीलंडचा रविवार हाच खरा शब्बाथ ठरतो. रब्बी तुकाचिन्स्की यांच्या मते ती 180 अंशांवर, म्हणजे न्यूझीलंडच्याही पलीकडे, आणि मग शनिवार हा शनिवारच. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. 1941 साली युरोपातून निसटलेले येशिवाचे विद्यार्थी जपानमधील कोबे शहरात अडकले होते, आणि योम किप्पूरचा उपवास नेमका कोणत्या दिवशी करावा हे त्यांना ठाऊक नव्हते. येरुशलेमच्या रब्बींच्या सभेने बुधवार सांगितला. हझोन ईश यांनी कळवले, बुधवारी जेवा, गुरुवारी उपवास करा. प्राण वाचवून आलेली माणसे, आणि पुढे कोठे जायचे हे माहीत नसताना त्यांची चिंता ही! न्यूझीलंडची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या शनिवारच पाळते. मात्र काही अतिदक्ष प्रवासी रविवारीही मोठी कामे टाळतात. आम्ही लोक शनिवारी जन्मलो, शनिवारीच राहू, असे ते हसत म्हणाले.

रविवारी खरोखर वादळी वारा सुटला. मी बसने तीन तास प्रवास करून व्हांगारेईला पोहोचलो. सोमवारी पहाटे समुद्र निवळला होता.

पुअर नाइट्स म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे अवशेष. पाण्यातून सरळ उभे कडे, कमानी आणि गुहा. रिकोरिको नावाची समुद्रगुहा एवढी प्रचंड, सुमारे 130 मीटर लांब आणि 80 मीटर रुंद, की आमची अख्खी होडी तिच्यात शिरून वळली. 1981 साली हा भाग सागरी अभयारण्य झाला, आणि 1998 पासून तेथे कोणतीही मासेमारी चालत नाही. त्यानंतर स्नॅपर मासे झपाट्याने वाढले असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. ही जणू समुद्राला दिलेली शमिताच आहे, फक्त येथे वर्षभराने कापणी पुन्हा सुरू होत नाही.

बेटांवर मात्र कोणी पाऊल ठेवत नाही. तेथे एकेकाळी न्गाती वाई जमातीची वस्ती होती. 1820च्या सुमारास त्यांचा सरदार तातुआ योद्ध्यांसह मोहिमेवर गेला असता शत्रूंनी येऊन मागे राहिलेल्यांची कत्तल केली. तातुआ परतला तेव्हा मोजकीच माणसे जिवंत होती. त्याने बेट सोडले, आणि तेव्हापासून ती भूमी तापू, म्हणजे निषिद्ध आणि पवित्र, मानली जाते. होडीचालकाने हे सांगताना इंजिन बंद केले. मला नवगावचा किनारा आठवला. फुटलेले जहाज, सात पुरुष, सात स्त्रिया, आणि लाटांनी आणून टाकलेल्या बाकीच्यांचे दोन उंचवटे. आपण मात्र नवगावला जातो, मुलांना नेतो, डबे खातो. त्यांनी पाठ फिरवून राखले, आपण जाऊन राखले. कोणते अधिक अवघड, मला सांगता येत नाही.

पाण्याचे तापमान वीस अंश होते. तारकर्लीच्या कोमट पाण्याची सवय असलेल्या अंगाला जाड पोशाखातही हुडहुडी भरली. खाली समुद्रशेवाळाचे रान डुलत होते. निळे माओमाओ शेकड्यांनी एका कमानीखाली लटकल्यासारखे स्थिर होते, आणि त्यांच्यामधून एक पाकट संथपणे गेली. थंडीत श्वास जलद चालतो आणि हवा लवकर संपते. पंधरा मीटरवर माझा काटा दोनशेवरून सत्तरावर आला तेव्हा इतरांकडे निम्मी टाकी शिल्लक होती. जोडीने उतरलेल्यांनी जोडीनेच वर यायचे असते. माझी जोडीदार तीच इस्रायली मुलगी, आणि तिला ती पाकट नुकतीच दिसली होती. मी खूण केली. तिने एकदा मागे पाहिले आणि अंगठा वर केला.

पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे लागते. वर जाण्याची घाई करायची नाही आणि श्वास रोखायचा नाही. बोलता येत नाही. डोक्यावर उजेड आणि होडीचा काळा तळ दिसत होता. मी मनात शेमा म्हटले, सावकाश, आणि ते दोनदा म्हणून झाल्यावर घड्याळात अजून एक मिनिट उरले होते. आपल्या पूर्वजांनी सगळे विसरूनही एवढीच एक प्रार्थना का राखली असेल, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पण ती एका श्वासात मावते, हे तेथे कळले.

दुसऱ्या फेरीत तिला पाकट पुन्हा दिसली. यावेळी तीन होत्या.

आता आर्बीथची वेळ होत आली आहे. ज्यांना तारकर्लीच्या शिक्षणाविषयी विचारायचे असेल त्यांनी प्रार्थनेनंतर थांबावे. पोहता यायला हवे, आणि कानाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी वैद्यांना विचारा. आणि मनुका नेणार असाल, तर जाहीरपत्रावर सुकलेली द्राक्षे असेच लिहा.