सणाचे ताट



सण म्हटला की लहानपण आठवते. मग ती दिवाळी असो, ईद असो की नाताळ असो. आमचा जन्म ख्रिस्ती घरातला. म्हणून आज नाताळच्या चार गोष्टी सांगतो. पण त्यातले सार सगळ्यांनाच लागू आहे.

नाताळ म्हणजे प्रभू येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस. तो २५ डिसेंबरला येतो.

आमचे गाव नगर जिल्ह्यात. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. नाताळ आला की आई भिंतींना चुना लावी, जमीन सारवी. थोरले बंधू बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधीत. तिला रंगीत कागद चिकटवीत. आत दिवा ठेवीत. पहाटे भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन घरोघर येई. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनी आपल्या साध्या मराठीत अभंग आणि भजने रचली. ती आम्हा पोरांना तोंडपाठ असत.

मग फराळ. करंज्या, लाडू, चिवडा. घरात कुणी तोंडात टाकायच्या आधी शेजारी ताटे जात. दिवाळीला शेजाऱ्यांची ताटे आमच्याकडे येत. नाताळला आमची त्यांच्याकडे जात. आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, अशी रीतच होती.

१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे सुकडी मिळे. रेशनवर लाल मिलो मिळे. नाताळ जवळ आला. कुणी वडिलांना म्हणाले, "सावकाराकडून शंभर रुपये घ्या. पोरांना कपडे तरी करा."

वडील म्हणाले, "सण एका दिवसाचा. व्याज वर्षभराचे."

आईने जुने कपडे धुतले, फाटले तिथे ठिगळ लावले. मिलोच्या पिठात गूळ घालून दशम्या केल्या. चार घरी एकेक दशमी पाठवली. तिकडून मूठ मूठ शेंगदाणे आले. तो नाताळ आम्ही विसरलो नाही.

पुढे दिवस पालटले. पिंपरीत १९५४ सालीच पेनिसिलीनची सरकारी कंपनी निघाली होती. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ झाले. कारखाने वाढले, ते थेट चाकणपर्यंत गेले. गावोगावची माणसे पोटापाण्यासाठी इकडे आली. आमचे बंधू आले. मागाहून आम्हीही इथल्या शाळेत लागलो.

आता चांदणी बाजारातून येते. आत विजेचा दिवा असतो. करंजीशेजारी बेकरीचा केक असतो. कोपऱ्यात नाताळचे झाड असते. कुणाची रात्रपाळी असते, म्हणून भजनाची वेळही बदलते.

म्हातारी माणसे म्हणतात, "जुने सगळे गेले." पण नाताळचे झाड मूळचे जर्मनीतले. इंग्लंडात ते १८४० नंतर, व्हिक्टोरिया राणीच्या काळी घरोघर पसरले. आणि आपली करंजी तरी येशूच्या गावी कुणी पाहिली होती? चाली बदलतातच. त्याचे दुःख नको.

दुःख दुसऱ्याचे आहे. शेजाऱ्याचे पाहून कुणी हप्त्याने वस्तू आणतो. कुणी व्याजाने पैसे काढतो. सण होतो आणि पगार हप्त्यात जातो. दार मात्र बंद असते. पलीकडच्या खोलीत कोण राहते, हेही ठाऊक नसते.

म्हणून तीन गोष्टी करा. आता तुम्हाला लिहिता येते. सणाआधी वहीत खर्च लिहा आणि हातात असेल तेवढाच करा. तुम्हाला वाचता येते. कर्जाचा कागद पुरता वाचल्याशिवाय सही करू नका. आणि तिसरी गोष्ट, शेजारच्या दारी एक ताट पाठवा. शेजारी कोणत्याही जातीचा असो, धर्माचा असो. ताटात एकच दशमी असली तरी चालेल.